मुद्देमाल

पहाटे साडेपाचला खंडेराव मार्केटहून निघालो:
मी, डॉक्टर वसावाबेन, ड्रायव्हर रायजी,
आणि पंच म्हणून दुधाच्या केंद्रावरून उचललेले
दोन झोपाळू तरणे.
मागे चुन्याच्या चार गोण्या.
दांडिया बाजारातून जाताना आमच्या गॅलरीत दिवा दिसला,
बायको उठली होती.
हात करावासा वाटला नाही.

कहार मोहल्ल्यात रेवाबेनचं शटर अर्धं वर.
आत पिंजऱ्यांची चळत, आणि वास,
ओल्या पिसांचा, फिनाइलचा, आणि तिसरा एक
ज्याला आम्ही कागदावर फक्त 'दुर्गंधी' म्हणतो.
तुरे निळे पडलेले.
एक कोंबडी उभी होती, पण पाय विसरल्यासारखी.
डॉक्टरांनी चोचीत कापसाची काडी फिरवली,
नळीवर नंबर घातला,
माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढंच.

"आणंदहून ट्रक आला तेव्हाच अशा होत्या, साहेब.
मी काय ट्रक मागे लोटू?"
तिचं गुजराती मी गुजरातीतच उतरवून घेतलं.
तीस वर्षं झाली,
माझ्या आईची भाषा त्या कागदावर कधी चढली नाही.

नमुन्यात तीन रकाने. मेलेल्या. आजारी. एकूण वजन.
वजन तिच्याच काट्यावर केलं.
काटा किलोमागे शंभर ग्रॅम जास्त दाखवतो,
हेही लिहावं लागलं.
तेव्हा ती पहिल्यांदा हसली.
"गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलेलं
आज माझ्याच गळ्यात आलं, बघा."

मग गल्ल्याखालची वही.
निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतली, नातीचं नाव खोडलेलं.
'ठंडो माल', म्हणजे वाटेत मेलेला, अर्ध्या भावाचा,
तारीखवार कुठे कुठे गेला:
स्टेशनसमोरच्या दोन लाऱ्या,
पाणीगेटचा केटरर,
आणि तेवीस तारखेला, गोल गोल अक्षरात,
'म्युनिसिपालिटी. विदाय. चाळीस माणस.'

चौबळसाहेबांचा निरोपसमारंभ.
रस्सा मी दोनदा वाढून घेतला होता.
भाषणही मीच केलं होतं,
साहेबांची करडी नजर, शहराचं आरोग्य, वगैरे.

"काका, काय झालं?" एका पंचाने विचारलं.
म्हटलं, चष्मा.
वही मुद्देमालात घेतली. अनुक्रमांक सात.
पानं मोजली, प्रत्येक पानावर सही केली,
त्याही पानावर.
पेन तिथे जरा अडलं, शाई होती तरी.

जांबुव्याला खड्डा तयार होता.
चुना, थर, पुन्हा चुना.
एकशे त्र्याऐंशी मोजून झाल्या
आणि शेवटच्या पिंजऱ्यात, ब्रॉयलरांत चुकून आलेली
एक देशी. धडधाकट.
लाल तुरा, गोल डोळा, माझ्यावर चिडलेला.
हिला नमुन्यात रकाना नाही.
"त्यांच्यातच होती ना ती? मग तीही," डॉक्टर म्हणाल्या.
त्यांचं बरोबर होतं.
अजूनही बरोबरच आहे.
रायजी उगाच टायर बघायला गेला.
मी 'आजारी'त एक वाढवली.

घरी आलो, दोनदा आंघोळ केली.
बायकोने विचारलं नाही, पिठलं टाकलं.
जेवताना फोन. चौबळसाहेब.
"ऐकलं मी. किती धरल्या?"
"एकशे चौऱ्याऐंशी."
"शाब्बास." मग जरा थांबून,
"आणि काही वही-बिही?"

"आहे ना, साहेब," मी म्हटलं,
"अनुक्रमांक सात."

पलीकडे पंखा फिरत असावा.
बराच वेळ नुसता तोच ऐकू येत राहिला.